शब्बाथ शाळेत पद्धत निवडताना: आधी उतारा, मग साहित्य

शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मंडळीत दर रविवारी भरणाऱ्या मुलांच्या बायबल वर्गांच्या, शिक्षकांची बैठक भरली की पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: यंदा मुलांसाठी नवीन काय करायचं? मग बाहुल्यांचा खेळ, व्हिडिओ, चित्रं रंगवणं, प्रश्नमंजुषा अशी यादी होते आणि तिच्यात बसतील असे पाठ शोधले जातात. आमच्या वर्गांत आम्ही हा क्रम उलटा ठेवतो. बायबलमधला उतारा आधी हातात घ्यायचा आणि तो कसा शिकवायचा हे त्याच्यातूनच काढायचं. आपल्या पवित्र शास्त्रातल्या ६६ पुस्तकांत कथा आहेत, मोजमापांसकट दिलेल्या सूचना आहेत, गाणी आहेत, दाखले आहेत, पत्रं आहेत. गाण्याला चाल न लावता त्याचा नुसता अर्थ सांगितला, किंवा पत्राचे तुकडे करून ते महिनाभर पुरवलं, तर मुलांना शब्द कळतात, पण मुळात ते काय होतं हे कळत नाही.

तयारी रविवारच्या आधीच्या मंगळवारी सुरू व्हायला हवी, कारण साहित्य गोळा करायला मधले दिवस लागतात. उतारा तीनदा वाचायचा. पहिल्या वाचनात पेन्सिलीने फक्त क्रियापदं अधोरेखित करायची. दुसऱ्यात हाताला लागतील अशा वस्तू आणि सगळी मापं, संख्या. तिसऱ्यात पुन्हा पुन्हा येणारे शब्द. ज्या खुणा जास्त, तिकडे पद्धत झुकते. क्रियापदांनी भरलेला उतारा मुलांनी अंगाने करायचा. मापांचा उतारा आखायचा किंवा बांधायचा. पुनरुक्तीचा उतारा गायचा. तिन्ही खुणा कमी आणि 'म्हणून', 'कारण', 'परंतु' जास्त असतील, तर तो युक्तिवाद आहे. तो मोठ्या मुलांच्या चर्चेसाठी ठेवायचा आणि लहानांच्या माथी मारायचा नाही.

वर्ग ५० मिनिटांचा धरला तर करण्याचा भाग ३० मिनिटांच्या आत संपला पाहिजे. शेवटची १५ मिनिटं बोलण्यासाठी राखून ठेवलेली असतात आणि ती कशालाही द्यायची नाहीत. बहुतेक पाठ फसतात ते इथेच. डिंक वाळत नाही, वेशभूषेवरून भांडण होतं, घंटा वाजते आणि अर्थ 'पुढच्या रविवारी' जातो. पुढच्या रविवारी निम्मी मुलं वेगळी असतात.

वाट, खडकाळ, काटेरी आणि चांगली अशा चार जमिनींवर पडलेल्या बियांचा, म्हणजे पेरणाऱ्याचा दाखला (मार्क ४) हा जिवंत मातीत शिकवण्याचा पाठ आहे, आणि तो एका रविवारात मावत नाही. त्याला तीन सलग रविवार आणि त्यानंतर काही आठवड्यांची देखरेख लागते. हंगाम नोव्हेंबरचा घ्यावा. पावसाळ्यात हा पाठ हमखास बिघडतो, कारण हवा इतकी ओली असते की खडकाळ जमिनीतलं रोपही टवटवीत राहतं.

साधारण ३० बाय ४५ सेंटिमीटरचे, ८ ते १० सेंटिमीटर खोल असे चार ट्रे किंवा उथळ क्रेट घ्यायचे आणि तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोकं पाडायची. चांगल्या जमिनीच्या ट्रेमध्ये दोन भाग माती आणि एक भाग कुजलेलं शेणखत. वाटेच्या ट्रेमध्ये ओली माती विटेने ठोकून ठोकून घट्ट करायची आणि दोन दिवस उन्हात वाळू द्यायची. खडकाळ जमिनीसाठी पुष्कळ जण मातीत दगड मिसळतात, तसं करू नये. दगडांच्या फटींतून मूळ खाली जातं आणि रोप मरत नाही. मार्काने कारण स्पष्ट दिलं आहे, माती खोल नव्हती. म्हणून ट्रेच्या तळाशी फरशीचा किंवा कडप्प्याचा अखंड तुकडा बसवून त्यावर फक्त एक ते दीड सेंटिमीटर माती पसरायची. काटेरी ट्रेमध्ये हरळीचे मुळांसकट तुकडे पेरणीच्या पंधरा दिवस आधी लावून ठेवायचे. सहज मिळतं म्हणून गाजरगवत आणू नये. त्याने मुलांच्या अंगाला खाज सुटते.

बियाणं गव्हाचं, प्रत्येक ट्रेमध्ये ४० दाणे. चांगल्या आणि काटेरी ट्रेमध्ये ते दोन-तीन सेंटिमीटर खोल जातात, फरशीवर जेमतेम झाकले जातात, वाटेवर उघडे पडतात. वाटेचा ट्रे गच्चीच्या कठड्यावर ठेवायचा आणि बाकीच्या तिघांवर जाळी टाकायची. शहरात कबुतरं ट्रेंमध्ये भेदभाव करत नाहीत आणि जाळी नसेल तर दाखल्यातला फरक पहिल्याच दुपारी नाहीसा होतो.

पहिल्या रविवारी फक्त पेरायचं आणि मार्क ४:३-९ वाचायचं. स्पष्टीकरण द्यायचं नाही. शिक्षकाला हे सगळ्यात जड जातं, पण येशूनेही लोकसमुदायाला नुसता दाखलाच सांगितला आणि उलगडा नंतर, विचारायला आलेल्यांना केला. दुसऱ्या रविवारी मुलं ट्रे बघतात, वहीत चित्र काढतात, अंकुर मोजतात. फरशीवरचा गहू बहुतेक वेळा आधी वर आलेला असतो आणि 'लगेच उगवले' हे शब्द मुलं स्वतः शोधून दाखवतात. त्यानंतर चारही ट्रेंचं पाणी चार-पाच दिवस बंद ठेवायचं आणि ते पूर्ण उन्हात ठेवायचे. इथे मायेने घोटाळा होतो: एखादं मूल गुपचूप येऊन कोमेजलेल्या रोपांना पाणी घालतं. त्याला रागवू नये, पण ट्रे कुलपाच्या आत असलेले बरे. चारही ट्रेंना पाणी सारखंच मिळायला हवं, नाहीतर मुलांच्या मनात दोष मातीवरून पाणी घालणाऱ्यावर जातो. तिसऱ्या रविवारी फरशीवरची रोपं पिवळी, आडवी पडलेली असतात. त्या दिवशी १३ ते २० ही वचनं वाचायची.

काटेरी ट्रे तीन आठवड्यांत काहीच सांगत नाही. गव्हाच्या दाण्यात स्वतःचा साठा असतो, त्यामुळे सुरुवातीला तो हरळीतही छान वाढतो. पाच-सहा आठवड्यांनी चांगल्या ट्रेशेजारी ठेवून बघितलं की काड्या बारीक, पानं फिकी दिसतात. रोप मेलेलं नसतं. वचनातही ते मेलं असं नाही, त्याला पीक आलं नाही असं आहे. संसाराची चिंता आणि द्रव्याचा मोह यांविषयी किशोरवयीन मुलांशी बोलायला या ट्रेइतकी चांगली जागा दुसरी नाही. फेब्रुवारीत एखाद्या शेतातून पिकलेल्या ओंब्या आणाव्यात आणि मुलांना दाणे मोजायला द्यावेत. एका ओंबीत साधारण तीस ते पन्नास निघतात आणि एका दाण्याला फुटवे अनेक येतात. तीसपट, साठपट, शंभरपट हे आकडे मग हवेतले वाटत नाहीत.

'तू कोणती जमीन?' हा प्रश्न मात्र विचारू नये. बाहेर पडेपर्यंत कुणाला तरी 'खडकाळ' हे नाव पडलेलं असतं. त्याऐवजी विचारावं, ही जमीन सुधारायला शेतकरी काय करेल? गावाकडची मुलं नांगरट, दगडवेचणी, खुरपणी असं भराभर सांगतात. दाखल्यात हा भाग नाही, तो आपण पुढे नेतो आहोत, हेही मुलांना तेवढ्याच स्पष्टपणे सांगायचं.

चोरांनी जखमी केलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक १०) नाटक म्हणून सगळीकडे होते आणि बहुतेक ठिकाणी चोरांची मारामारी हाच तिचा सर्वांत रंगलेला भाग ठरतो. क्रियापदांच्या वाचनातून हे टाळता येतं. याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) यांच्या वाट्याला कोणती क्रियापदं येतात ते फळ्यावर लिहायचं: आला, पाहिलं, दुसऱ्या बाजूने निघून गेला. मग शोमरोन्याची: आला, पाहिलं, कळवळला, जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस लावला, जखमा बांधल्या, जनावरावर बसवलं, उतारशाळेत आणलं, सांभाळ केला, पैसे काढून दिले, परत येण्याचा शब्द दिला. पहिली दोन सारखीच आहेत, फरक तिसऱ्यापासून पडतो. प्रत्येक मुलाला एक क्रियापद चिठ्ठीवर द्यायचं. एक जण बायबलमधून सावकाश वाचतो आणि ज्याचं क्रियापद येईल तो उठून तेवढीच कृती करतो. संवाद नाहीत, पाठांतर नाही, तालीम लागत नाही आणि लाजरं मूलही एक कृती करू शकतं. पट्टी म्हणून सुती कापडाच्या दोन मीटरच्या चिंध्या आणि वाटीभर खोबरेल तेल पुरतं. यरुशलेम ते यरीहो हा साधारण २७ किलोमीटरचा रस्ता सुमारे हजार मीटर खाली उतरतो, म्हणजे बोरघाटाच्या जवळपास दुप्पट. हे आधी सांगितलं तर जखमी माणसाला जनावरावर बसवून नेण्याचं कष्ट किती होतं हे ध्यानात येतं.

यहुदी आणि शोमरोनी यांच्यातली शिवाशीव समजावताना वर्गातल्या कुणाच्या जातीचा, आडनावाचा, गावातल्या आळीचा दाखला देऊ नये. आपल्या मंडळ्यांमध्ये त्या आठवणी फार जुन्या नाहीत आणि मूल घरी जाऊन काय बोलेल याचा भरवसा नसतो. योहान ४:९ वाचलं की पुरतं, मोठी मुलं पुढचं स्वतः जोडतात. लहानांच्या वर्गात येशूची भूमिका कुणाला देऊ नये. पडद्यामागून वाचणारा आवाज पुरेसा होतो.

निवासमंडपाचे, म्हणजे रानातल्या प्रवासात इस्राएल लोकांनी उभारलेल्या उपासनेच्या तंबूचे, अध्याय (निर्गम २५ ते २७) शिक्षक वगळतात, कारण ते कंटाळवाणे वाटतात. मुलांना ते जमिनीवर चालायला दिले तर तीच मुलं पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथे घेऊन चला म्हणतात. लागणारं साहित्य: दीडशे मीटर सुतळी, चार मोठ्या आणि वीस लहान खुंट्या, मीटर टेप आणि दोन-तीन किलो फक्की, कबड्डीचं मैदान आखतात तीच. एक हात म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर धरायचा. अंगण १०० हात बाय ५० हात, म्हणजे ४५ मीटर बाय साडेबावीस मीटर. एवढी जागा नसेल तर सगळी मापं निम्मी करावीत आणि ती निम्मी आहेत असं फळ्यावर लिहावं.

काटकोन नजरेने धरले तर शेवटची बाजू मीटर-दोन मीटर चुकते. कोपऱ्यापासून एका सुतळीवर तीन मीटरला आणि दुसरीवर चार मीटरला खूण करायची. दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर पाच मीटर भरलं की काटकोन झाला. सातवी-आठवीच्या मुलांना हे काम द्यावं, शाळेतली भूमिती इथे उपयोगी पडते याचा त्यांना आनंद होतो. दार पूर्वेला, २० हात रुंद. आत पाच हात चौरस वेदी, उंची तीन हात, म्हणजे सव्वादोन मीटर चौरस आणि १.३५ मीटर उंच. ती खोक्यांची रास करून दाखवायची. मंडप ३० हात बाय १० हात, त्यातले मागचे १० हात परमपवित्रस्थान. हे आखून झालं की मुलं दाराबाहेर थांबतात आणि एकेक पायरीने आत जातात: अंगणात सगळे, पवित्रस्थानात याजक, आणि शेवटच्या साडेचार मीटरच्या चौकोनात वर्षातून एका दिवशी फक्त प्रमुख याजक. पडद्याच्या जागी दोन खुंट्यांना बांधलेली जाड चादर पुरते. मोठ्या मुलांना तिथेच उभं करून मत्तय २७:५१ वाचायला सांगावं. पडदा फाटला म्हणजे काय झालं, हे मग लांबण लावून समजवावं लागत नाही. आखणीला चार मोठी माणसं आणि पाऊण तास लागतो, तेव्हा ती उपासनेच्या आधीच उरकावी. उन्हात मुलांना वीस मिनिटांच्या वर उभं करू नये.

स्तोत्रांसाठी आपल्याकडे फार मोठी शिदोरी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात मराठी ओवीत रचलेलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापलं गेलं. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन मंडळीच्या उपासनेत रुजवलं. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंनीही शास्त्रातल्या चरित्रांवर मराठी कीर्तनं रचली. तेव्हा मुलांसमोर स्तोत्र नुसतं वाचून दाखवणं म्हणजे घरातलं धान्य सोडून उपाशी राहणं आहे. सुरुवात १३६ व्या स्तोत्राने करावी. २६ ओव्या आणि प्रत्येकीच्या शेवटी 'कारण त्याची दया सनातन आहे'. पहिला चरण शिक्षक किंवा मोठा मुलगा म्हणतो, दुसरा चरण सगळा वर्ग टाळांसह. वाचता न येणारं चार वर्षांचं मूलही तिसऱ्या ओवीपासून सामील होतं. पुरुष शिक्षक आपल्या पट्टीत सुरू करतात आणि मुलांचा आवाज तिथे खाली पोचत नाही. पेटीवर काळी चार किंवा पाचच्या आसपास धरावं. टाळ सगळ्यांना देऊ नयेत. चार जोड पुरे, बाकीच्यांनी टाळ्या. नाहीतर शब्द बुडतात, आणि हा सगळा खटाटोप शब्दांसाठीच आहे.

मोठ्यांसाठी ११९ वं स्तोत्र घ्यावं. त्यात १७६ वचनं आहेत, आठ-आठ वचनांचे २२ भाग, आणि मूळ हिब्रूत एका भागातलं प्रत्येक वचन एकाच अक्षराने सुरू होतं. मुलांना 'क' किंवा 'स' देऊन देवाच्या वचनाविषयी त्या अक्षराने सुरू होणाऱ्या आठ ओळी लिहायला सांगाव्यात. चौथ्या ओळीनंतर शब्द संपतात आणि मुलं शब्दकोश मागतात. त्या कवीने किती मन लावून हे रचलं असेल, हे तिथे पोचतं. 'ण' आणि 'ळ' अर्थातच द्यायचे नाहीत.

वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातून सुटकेच्या रात्रीच्या जेवणाचा, पाठ (निर्गम १२) खाण्याने शिकवताना महाराष्ट्रात एक खास अडचण येते. आपली चपाती आणि भाकरी मुळातच बेखमीर. मुलांपुढे नुसती चपाती ठेवली तर त्यात वेगळं काय ते त्यांना कळत नाही. म्हणून वर्गाच्या सुरुवातीला दोन काचेच्या बरण्या मांडायच्या. एकीत पाव किलो मैदा, एक चमचा इन्स्टंट यीस्ट आणि कोमट पाणी मळून, दुसरीत तेवढंच साधं पीठ मळून. दोन्हींवर पिठाच्या उंचीला रबर लावायचं. आपल्या हवेत ४५ मिनिटं ते तासाभरात पहिलं पीठ जवळपास दुप्पट होतं, थंडीत उशीर लागतो, तेव्हा बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. पाणी कढत घातलं तर यीस्ट मरतं आणि दोन्ही बरण्या सारख्याच राहतात. मग चप्पल पायात, काठी हातात, कंबर कसून, घाईने बेखमीर चपाती व कच्च्या मेथीची दोन पानं खायची. पीठ फुगायची वाट न पाहता निघावं लागलं, हे ३९ व्या वचनात आहे आणि समोरच्या बरणीतही. यहुदी लोकांचं आजचं सेदर जेवण हुबेहूब करून दाखवायचा मोह टाळावा. ते पुढच्या शतकांत घडत गेलं आहे आणि बेने इस्राएल घरांत तो जिवंत सण आहे. आपण निर्गमच्या १२ व्या अध्यायात आहे तेवढंच करावं. खाऊ देण्याआधी कुणाला गहू चालत नाही का, हे आईवडिलांना विचारून ठेवायचं.

पाठांतराबद्दल थोडक्यात. आठ वर्षांखालच्या मुलांना बारा-पंधरा शब्दांपेक्षा लांब वचन देऊ नये. शब्द कार्डांवर लिहून दोरीला चिमट्यांनी लावायचे, सगळ्यांनी एकदा म्हणायचं, मग एकेक कार्ड उलटं करत जायचं. संदर्भ वचनाच्या आधी आणि नंतर असा दोनदा म्हणायचा, नाहीतर मुलांना वचन येतं पण ते बायबलमध्ये सापडत नाही. तेच वचन पुढच्या रविवारी आणि पुन्हा महिन्याने घ्यायचं. दर रविवारी नवीन वचन आणि वर्षाअखेरी स्पर्धा, या रिवाजात बक्षीस मिळतं आणि जानेवारीत काही उरत नाही. इंग्रजी माध्यमातली मुलं देवनागरी हळू वाचतात. वचन शोधण्याच्या शर्यतीत त्यांची जोडी मराठी वाचणाऱ्याशी लावावी, म्हणजे दरवेळी तीच मुलं मागे पडत नाहीत.

फ्लॅनेलचा फळा अजूनही लहानांसाठी उत्तम आहे. चित्रांच्या पाठीला पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवावेत आणि फळा किंचित मागे कलता ठेवावा. सरळ उभ्या फळ्यावरून मोशे नेमका समुद्र दुभंगताना खाली पडतो आणि वर्ग हातातून जातो.

पत्रं मात्र मोठ्या मुलांची. त्यासाठी फिलेमोनाला लिहिलेलं पत्र सर्वांत सोयीचं, एकच अध्याय, २५ वचनं, मोठ्याने वाचायला चार-पाच मिनिटं. ते आदल्या दिवशी हाताने कागदावर लिहून काढायचं. १९ व्या वचनात पौल म्हणतो की हे मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे, म्हणून तेवढी ओळ वेगळ्या माणसाकडून, मोठ्या अक्षरात लिहून घ्यायची. कागद गुंडाळून दोऱ्याने बांधायचा. पत्र फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे, तेव्हा मुलांनी वर्तुळात बसायचं, एक जण फिलेमोन, आणि एक जण पत्र घेऊन दाराशी उभा, अनेसिम, म्हणजे फिलेमोनापासून दूर गेलेला आणि पौलाने परत पाठवलेला त्याचा दास. दासाची भूमिका शिक्षकाने स्वतः करावी, मुलाला देऊ नये. पत्र मोठ्याने वाचलं जात असताना तो दारातच उभा राहतो. वाचन संपल्यावर कुणी काही बोलायचं नाही, समजवायचं नाही. प्रत्येकाला एक कोरा कागद द्यायचा आणि पंधरा मिनिटांत फिलेमोनाचं उत्तर लिहायला सांगायचं.

फिलेमोनाचं उत्तर बायबलमध्ये नाही, त्यामुळे तपासायला नमुना उत्तर नाही आणि गुणही नाहीत. काही मुलं लगेच क्षमा करून मोकळी होतात. त्यांना फक्त १८ वं वचन पुन्हा वाचायला सांगायचं आणि झालेल्या नुकसानीचं काय करणार ते लिहायला लावायचं. काही जण नकार लिहितात, तोही ठेवून घ्यायचा. पत्र मोठ्याने वाचायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं. ज्यांना वाचायचं नसेल त्यांनी ते घडी घालून घरी न्यावं, शिक्षकाने मागू नये.